काचतंतूंतले भांडवल

१९१७ साली भीमराव आंबेडकर लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत आले. बडोद्याच्या नोकरीत त्यांच्या वाट्याला काय आले हे आपल्याला तोंडपाठ आहे. त्यानंतरची हकिकत मात्र आपण घाईने उरकतो. मुंबईत पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेबाचे काम केले, आणि शेअर व रोखे यांचा व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही काढला. गिऱ्हाइके आली. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळल्यावर ती यायची थांबली. व्यवसाय बंद पडला.

ही हकिकत आपण अपमानाच्या यादीत घालतो आणि पुढे जातो. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला, पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा हा माणूस शेअरबाजाराला अस्पर्श मानत नव्हता. त्याला तो बाजार कळत होता. बाजाराने त्याला दाराबाहेर ठेवले. त्यानंतर आपण मात्र हळूहळू असे धरून चाललो, की शेअरबाजार ही शेटजींची गोष्ट, तिच्याशी आपला संबंध नाही. चळवळीतल्या कार्यकर्त्याने भांडवलशाहीवर बोलावे, पण ताळेबंद वाचू नये, असा जणू अलिखित नियमच झाला. त्याची किंमत आपण किती मोजतो आहोत, हे एका विशिष्ट उद्योगाच्या इतिहासावरून पाहण्यासारखे आहे. तो उद्योग म्हणजे महानगरांत ब्रॉडबँड पोहोचवणारी प्रकाशतंतूंची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्यांचा, आणि त्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्यांचा.

काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश दूरवर नेता येतील, असे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग या काच कारखान्याने तसा तंतू प्रत्यक्ष ओढून दाखवला. काओंना २००९ साली नोबेल मिळाले. विज्ञानाचा भाग एवढा सांगितला तरी पुरे, कारण अर्थशास्त्राचा भाग काचेत नसून मातीत आहे. शहरात प्रकाशतंतू टाकताना सर्वात मोठा खर्च काचेचा नसतो, खोदाईचा असतो. रस्ता फोडा, चर खणा, नळी टाका, बुजवा, नगरपालिकेला भरपाई द्या. एकदा चर खणला की त्यात बारा तंतू टाकले काय किंवा दीडशे टाकले काय, खोदाईचा खर्च तोच. म्हणून प्रत्येक कंपनीने गरजेच्या कितीतरी पट तंतू मातीत पुरले. पुरले, पण पेटवले नाहीत. धंद्याच्या भाषेत अशा तंतूंना अंधारे तंतू म्हणतात.

त्यातच दुसरी गोष्ट घडली. एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे, म्हणजे सोप्या भाषेत वेगवेगळ्या रंगांचे, प्रकाशकिरण एकाच वेळी पाठवण्याची युक्ती बाजारात आली. सिएना या कंपनीने १९९६ साली सोळा किरणांचे यंत्र विकायला काढले आणि स्प्रिंट ही मोठी टेलिफोन कंपनी तिची पहिली गिऱ्हाईक झाली. एका तंतूचे सोळा तंतू झाले. जमिनीखाली आधीच गरजेपेक्षा अधिक काच, आणि वर त्या काचेची कुवत सोळा पट. ज्या यंत्राच्या विक्रीवर गुंतवणूकदार खूष होता, तेच यंत्र नव्या तंतूची आणि पुढे स्वतःच्याही मागणीची मुळे कापत होते. हा साधा गुणाकार त्या काळी फारसा कोणी मांडला नाही.

न मांडण्याचे कारण एका वाक्यात होते. इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते, हे ते वाक्य. वर्ल्डकॉम आणि तिची यूयूनेट ही कंपनी ते सांगत असे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या अहवालातही ते छापले गेले, आणि मग ते वेदवाक्य झाले. १९९५-९६ च्या थोड्या काळापुरते ते खरे होते. पुढे मात्र वाहतूक वर्षाला सुमारे दुप्पट होत होती, असे अँड्र्यू ओडलिझ्को आणि केरी कॉफमन या संशोधकांनी त्याच वेळी दाखवून दिले होते. फरक किती पडतो? शंभर दिवसांत दुप्पट या हिशेबाने तीन वर्षांत वाहतूक सुमारे दोन हजार पट व्हायला हवी. वर्षाला दुप्पट या हिशेबाने ती होते आठ पट. दोन हजारांच्या अपेक्षेने खणलेल्या चरात आठ पट वाहतूक आली तर काय होईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. परंतु अधिकारी वाणीने उच्चारलेले वाक्य तपासायचे नसते ही सवय केवळ आपल्याकडच्या पोथीनिष्ठांचीच आहे असे नाही. न्यूयॉर्कच्या बाजारातही पोथ्या असतात.

फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेने नवा दूरसंचार कायदा केला आणि स्थानिक टेलिफोन क्षेत्र स्पर्धेला मोकळे झाले. कर्जावर शेकडो नव्या कंपन्या निघाल्या. १९९८-९९ पर्यंत गावागावांना जोडणारे लांब पल्ल्याचे मार्ग तुडुंब झाले होते, पण शहराच्या आत, कचेरीपासून टेलिफोन केंद्रापर्यंत, जुनी तांब्याची तारच होती. मग गुंतवणूकदारांना सांगण्यात आले, की खरा अडथळा महानगरात आहे आणि जो तो फोडील तो सोन्याची खाण उघडील. अडथळा होता, हे खरेच. भाव मात्र अडथळ्याचा नव्हता, स्वप्नाचा होता. ऑगस्ट १९९९ मध्ये सिस्कोने सेरेंट ही छोटी कंपनी ६.९ अब्ज डॉलरच्या शेअरांच्या मोबदल्यात विकत घ्यायचे ठरवले. सेरेंट महानगरी जाळ्यांसाठी पेट्या बनवत असे आणि तिची विक्री नुकतीच सुरू झाली होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये सायकॅमोर नेटवर्क्सचा शेअर ३८ डॉलरला विक्रीस आला आणि पहिल्याच दिवशी १८४.७५ वर बंद झाला. या कंपनीचे एक संस्थापक गुरुराज देशपांडे हे मूळचे हुबळीचे, म्हणून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही कौतुकाचे रकाने भरले. त्या वेळी कंपनीचे उत्पन्न विल्यम्स कम्युनिकेशन्स या एकाच गिऱ्हाइकाकडून येत होते, ही गोष्ट रकान्यात नव्हती. ते गिऱ्हाईक एप्रिल २००२ मध्ये दिवाळखोरीत गेले. सायकॅमोरच्या भागधारकांनी २०१३ साली कंपनी गुंडाळण्यास मान्यता दिली.

ल्युसेंटची गोष्ट आपल्या वाचकाला अधिक जवळची वाटेल. एटी अँड टी या जुन्या टेलिफोन कंपनीतून १९९६ साली ती वेगळी निघाली. अमेरिकेतल्या लक्षावधी साध्या कुटुंबांकडे, निवृत्त टेलिफोन कामगारांकडे, शिक्षकांकडे तिचे शेअर होते. खुद्द कामगारांच्या निवृत्तिनिधीतही तेच शेअर होते. विक्री वाढली पाहिजे, हा बाजाराचा हुकूम. मग तिने गिऱ्हाइकालाच कर्ज द्यायला सुरुवात केली. माल आमचा घ्या, पैसे आम्हीच देतो. विनस्टार या एका कंपनीला तिने दोन अब्ज डॉलरपर्यंत उधारीची तयारी दाखवली होती. एप्रिल २००१ मध्ये विनस्टार बुडाली. ज्यांनी खेड्यातला सावकार पाहिला आहे त्यांना यात नवे काही नाही. स्वतःच्या दुकानातला माल उधार द्यायचा, तो घ्यायला वर कर्ज द्यायचे, आणि वहीत नफा मांडायचा. फरक एवढाच की खेड्यात कूळ बुडते आणि सावकार जमीन घेतो. येथे कूळही बुडाले आणि दुकानही बुडायला आले. दुकानाचे मुनीम मात्र आपले वेतन आधीच घेऊन बसले होते.

नॅसडॅक निर्देशांक मार्च २००० मध्ये ५०४८ वर होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १११४ वर आला. ल्युसेंटचा शेअर ऐंशी डॉलरच्या वरून एका डॉलरच्या खाली गेला. दीड लाखाच्या आसपासची कामगारसंख्या काही वर्षांत पस्तीस हजारांच्या घरात आली. प्रकाशयंत्रांचे भाग बनवणाऱ्या जेडीएस युनिफेजने २००१ च्या वर्षाचा तोटा सुमारे ५६ अब्ज डॉलर दाखवला. वर्ल्डकॉम जुलै २००२ मध्ये दिवाळखोर झाली आणि तिने हिशेबात सुमारे ११ अब्ज डॉलरचा खोटेपणा केल्याचे उघडकीस आले. तिचे प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना २००५ साली पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा झालेले थोडे. ग्लोबल क्रॉसिंग जानेवारी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा तिच्या संस्थापकाने त्याआधीच सत्तर कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर विकून टाकले होते. या कंपन्यांची भलामण करणारे प्रसिद्ध विश्लेषक जॅक ग्रुबमन यांना दीड कोटी डॉलरचा दंड आणि धंद्यात आजन्म बंदी झाली.

कॅनडातील नॉर्टेलचा शेवट सर्वांत लांबला आणि सर्वांत क्रूर झाला. २००० च्या उन्हाळ्यात तिचा शेअर १२४ कॅनडी डॉलरवर होता. टोरांटो बाजाराच्या निर्देशांकाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या एका कंपनीचा होता. त्यामुळे ज्याने नॉर्टेलचे नावही ऐकले नव्हते, अशा कॅनडातल्या कर्मचाऱ्याचाही पेन्शन-पैसा तिच्यात अडकला होता. २००२ मध्ये शेअर एका डॉलरच्या खाली आला. जानेवारी २००९ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. २०११ मध्ये तिचे पेटंटहक्क अॅपल, मायक्रोसॉफ्ट आदींच्या गटाला साडेचार अब्ज डॉलरना विकले गेले. म्हणजे मालमत्ता होती. तरी त्याच्या आधीच, २०१० च्या डिसेंबरअखेर, कामावर असताना अपंगत्व आलेल्या तिच्या सुमारे चारशे कर्मचाऱ्यांचे साहाय्य बंद झाले होते. निवृत्तांचे पेन्शन कापले गेले. पुढची कित्येक वर्षे वकील आणि हिशेबनीस फी घेत राहिले.

येथे एक आडकथा सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात रेल्वे आली, तेव्हा इंग्रज भागधारकाला पाच टक्के व्याजाची हमी होती आणि ती हमी हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे अखेर जमीन कसणाऱ्याच्या घामातून, भागवली जात होती. तेथे धोका रयतेचा, नफा लंडनचा. प्रकाशतंतूच्या बाबतीत हमी नव्हती, म्हणून धोका भागधारकाचा होता असे पुस्तकात लिहिलेले सापडेल. पण कोणत्या भागधारकाचा? आतल्या माहितीच्या जोरावर वेळीच बाहेर पडलेल्याचा नव्हे. शेवटी आलेल्याचा, आणि ज्याला आपण भागधारक आहोत हेच ठाऊक नव्हते त्याचा.

आता आपल्या घरी येऊ. २००० च्या सुरुवातीला मुंबईच्या बाजारातही हीच लाट होती. केतन पारेख यांच्या आवडीच्या दहा शेअरांत दूरसंचाराची यंत्रसामग्री बनवणारी हिमाचल फ्युचरिस्टिक ही कंपनी होती. भाव आकाशाला भिडले. मार्च २००१ मध्ये डोलारा कोसळला आणि अहमदाबादची माधवपुरा सहकारी बँक त्याखाली सापडली. २ जुलै २००१ रोजी युनिट ट्रस्टने युनिट-६४ योजनेतील युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. ही योजना सरकारी म्हणून, सुरक्षित म्हणून, पोस्टाच्या बचतीसारखी समजून शिक्षकांनी, कारकुनांनी, निवृत्तांनी घेतलेली. ट्रस्टचा पैसा तंत्रज्ञान-शेअरांतही मोठ्या प्रमाणात गुंतला होता. राखीव जागांतून नोकरीला लागलेली आपली पहिली पिढी त्या वेळी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होती. ज्यांच्या बापाला बँकेची पायरी माहीत नव्हती, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कागदात पैसा ठेवला होता.

यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा, कारण बुडाले ते कागद, काच बुडाली नाही. मातीतले आणि समुद्राच्या तळातले तंतू जागच्या जागी होते, फक्त मालक बदलले. फेब्रुवारी २००२ मध्ये विदेश संचार निगम ही सरकारी कंपनी टाटांकडे गेली. या निगमाने २००४ मध्ये टायको कंपनीचे अब्जावधी डॉलर खर्चून टाकलेले जागतिक समुद्री जाळे अवघ्या १३ कोटी डॉलरना घ्यायचे ठरवले. रिलायन्सने २००३ मध्ये फ्लॅग टेलिकॉम २० कोटी ७० लाख डॉलरना घेण्याचा करार केला. स्वस्तात मिळालेल्या या काचेवरून पुण्या-बंगळूरच्या कचेऱ्यांत अमेरिकेचे काम धावू लागले. पहिला गुंतवणूकदार मेला, दुसरा श्रीमंत झाला, आणि त्या श्रीमंतीतून एक नवा नोकरदार वर्ग उभा राहिला.

आमचा आक्षेप त्या वर्गाच्या उभे राहण्याला नाही. प्रश्न असा की दार कोणते उघडले आणि कोणते बंद झाले. निगम सरकारी होते तोवर त्याच्या भरतीत राखीव जागा होत्या. खासगी झाल्यावर ते बंधन उरले नाही. नव्या सॉफ्टवेअर कंपन्यांवर तर ते कधी नव्हतेच. २०२० च्या जानेवारीअखेर भारत संचार निगमातून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने एकाच दिवशी बाहेर पडले. टेलिफोन खात्यातली नोकरी हे आपल्या कित्येक वस्त्यांतले पहिले पक्के घर होते. तांब्याच्या तारेबरोबर ते घरही मोडीत गेले, याची नोंद दूरसंचार क्रांतीच्या इतिहासात शोधूनही सापडत नाही.

आणि आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे येतो. खोदाई महाग, म्हणून शहरात न खणता तंतू कसे न्यावेत याचा विचार चालू होताच. टोकियोत १९८० च्या दशकापासून ते गटारांतून नेले जाऊ लागले. अमेरिकेत सिटीनेट नावाच्या कंपनीने २००१ मध्ये आल्बुकर्की शहरात सांडपाण्याच्या नळांतून प्रकाशतंतू टाकले. ते टाकायला नळात माणूस उतरला नाही, यंत्रमानव उतरला. स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेले ते यंत्र अंधारात, मैल्यात पुढे सरके, नळाला आतून कडी बसवी आणि त्या कड्यांतून तंतू ओढला जाई. तेजीची लाट ओसरली तशी ही कल्पनाही मागे पडली. पण यंत्र चालले होते, हे सिद्ध झाले होते.

ते साल २००१ होते. आपल्याकडे हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा १९९३ मध्येच झाला होता. दुसरा कायदा २०१३ मध्ये झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्या म्हणून सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे माणसे मरतच होती. गटार साफ करणारे बँडिकूट यंत्र केरळात २०१८ मध्ये आले. अमेरिकेत यंत्र उतरले ते दयेपोटी नव्हे. तेथे माणसाचा दिवस महाग आहे, त्याच्या मरणाचा दावा त्याहून महाग आहे, आणि पुष्कळ नळ तर माणूस शिरू शकणार नाही इतके अरुंद होते. आपल्याकडे नगरपालिकेचा अधिकारी म्हणतो, यंत्र परवडत नाही. परवडत नाही याचा अर्थ असा, की ठरावीक जातींचा माणूस यंत्रापेक्षा स्वस्त आहे. तंत्रज्ञान कोठे येते आणि कोठे थांबते हे विज्ञान ठरवीत नाही, मजुरीचा दर ठरवतो. आणि आपल्या देशात त्या दराचा फार मोठा भाग जात ठरवते. गटारातून काच नेणाऱ्या कंपनीत पैसा घालायला लोक मिळाले. गटारातला माणूस बाहेर काढणाऱ्या यंत्रात घालायला पंधरा-वीस वर्षे मिळाले नाहीत.

काचेचा चर खणणाऱ्यांची गोष्टही निराळी नाही. मिलिंद महाविद्यालय १९५० साली ज्या शहरात उभे राहिले, त्या औरंगाबादजवळ वाळूजला स्टरलाइटचा ऑप्टिकल फायबरचा कारखाना आहे. त्या तंतूचा व्यास केसाएवढा आणि त्याच्या शुद्धतेसाठी बंदिस्त, धूळमुक्त दालने. तोच तंतू जमिनीत जाताना शहराच्या कोणत्याही रस्त्यावर पाहा. कुदळ, घमेले, झाडाला बांधलेली झोळी, आणि मुकादमाकडून उचल घेऊन आलेली जोडपी. ताळेबंदात हा सगळा संसार एका ओळीत मावतो. तिला बांधकाम खर्च म्हणतात.

२०११ साली केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना आखली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले आणि २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्यास सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. तंतू ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येतो. कचेरी गावात असते आणि वस्ती गावाबाहेर. हे शेवटचे अंतर अभियंत्याच्या नकाशात अर्धा किलोमीटर भरत असेल.

दरम्यान बाजारात पुन्हा तेजी आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणनकेंद्रांना जोडायला प्रकाशयंत्रे हवीत, म्हणून सिएना, कॉर्निंग यांची नावे पुन्हा ऐकू येऊ लागली. नोकियाने २०२५ मध्ये इन्फिनेरा ही कंपनी घेतली. देशपांडे ज्यांच्या सहसंस्थापकांत होते ती बंगळूरची तेजस नेटवर्क्स २०२१ पासून टाटांकडे आहे. सिस्कोचा शेअर मार्च २००० च्या शिखरापर्यंत परत पोहोचायला डिसेंबर २०२५ उजाडला. सिएनाचा २०२५ संपेपर्यंतही पोहोचला नव्हता. या वेळी मागणी खरी आहे, असे सांगतात. असेलही. २००० सालीही मागणी खोटी नव्हती, तिच्यावर चढवलेला भाव खोटा होता.

नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्याला आणि शिक्षकाला जुने पेन्शन लागू राहिले नाही. मार्च २०२३ चा संप त्यासाठीच होता. अनुशेष भरतीतून लागलेली आपली मुले-मुली बहुसंख्येने याच गटात आहेत. परवा शिक्षकांच्या खोलीत एका तरुण सहकाऱ्याने विचारले, सर, शेअरमध्ये पैसे घालावेत का? मी त्याची पगारपत्रिका मागितली. दहा टक्के त्याचे, चौदा टक्के सरकारचे, राष्ट्रीय पेन्शन योजनेत जमा. त्यातला काही भाग दर महिन्याला शेअरांत जातोच आहे. कोणत्या कंपन्यांत, हे निधी-व्यवस्थापक जाहीर करतात. खोलीत आम्ही अकराजण होतो. ती यादी एकानेही उघडून पाहिली नव्हती.